नादार, पण कोणत्या तारखेपासून?

मार्च २०२३. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात शिक्षेच्या मुद्द्यावर युक्तिवाद चालू होता. आरोपीच्या वकिलांनी एक प्रतिज्ञापत्र पुढे केलं. अशिलाकडे आता काहीही उरलेलं नाही, तो नादार आहे, नादारीचा अर्जही केलेला आहे, तेव्हा नुकसानभरपाईचा हुकूम करून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्या मागच्या बाकावर बसलेल्या मावशींनी कोटाची बाही ओढली आणि हळूच विचारलं, "वकीलसाहेब, त्याच्याजवळ काहीच नाही म्हन्ते तो. मंग आमचे पैसे भेटन का जी?"

या मावशी मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, आया होत्या. दोन लाख रुपये गेलेले. त्या दिवशी मी त्यांना "थोडे भेटतील" एवढंच सांगू शकलो. आज आकडे हातात आहेत, म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून लिहून काढतो आहे. ठेवीदारांच्या बाजूने मी ते २०१८ पासून पाहिलं. माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कायद्याचा भाग आहे तसा आहे.

आरोपी दक्षिण नागपुरात फर्निचरचं दुकान चालवायचा. स्वतः हाताने काम करणारा, चांगला सुतार. आधी वस्तीतली भिशी त्याच्याकडे आली, कारण दुकान कायम उघडं असायचं आणि माणूस गोड बोलायचा. २०१२ पासून त्याने भिशीच्या जोडीला ठेवी घ्यायला सुरुवात केली. एक लाख ठेवा, महिन्याला दोन हजार घ्या, मुद्दल मागाल तेव्हा परत. म्हणजे महिना दोन टक्के. व्याज दर महिन्याच्या पाच तारखेला रोख, पाकिटात घालून, चहा पाजून. निवृत्त एसटी कंडक्टर, गोळीबार चौकातला विणकर, अंगणवाडीतल्या ताई, पोळ्या करणाऱ्या बाई असे त्रेसष्ट लोक त्याच्याकडे आले. आरोपपत्राप्रमाणे एकूण मुद्दल १,२६,४०,००० रुपये.

आणि हे कधी घडत होतं? २०१३-१४ मध्ये याच शहरात गुंतवणुकीच्या मोठ्या कंपन्या बुडाल्या होत्या, पेपर त्या बातम्यांनी भरलेले होते. मी कंडक्टर काकाजींना विचारलंसुद्धा की तेव्हा भीती नाही का वाटली. ते म्हणाले, "त्या मोठ्या कंपन्या होत्या जी. हा तं आपल्या गल्लीतला." माझ्या वकिलीत हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे, आणि दर वेळी ते ऐकून वाईट वाटतं. ओळखीवर विश्वास ठेवणं हा काही गुन्हा नाही. लोकांनी तेवढंच केलं होतं.

२०१७ च्या ऑगस्टपासून पाकिटं थांबली. "दिवाळीनंतर देतो" असं सांगून त्याने बहुतेकांची ठेवीच्या नोंदीची गुलाबी कार्डं "हिशोब जुळवायला" परत मागून घेतली. दिवाळी झाली आणि दुकानाचं शटर खाली आलं ते परत वर गेलं नाही.

पोलिस ठाण्यात पहिल्या दिवशी लोकांना सांगितलं गेलं की हा देण्याघेण्याचा दिवाणी मामला आहे. जानेवारी २०१८ मध्ये गुन्हा दाखल झाला तोही फक्त भारतीय दंड संहितेच्या कलम ४०६ आणि ४२० खाली. मी या प्रकरणात आलो तो इथे. ठेवीदारांना बुडालेल्या पैशाची वाट मोकळी करून देणारा कायदा वेगळा आहे. तो म्हणजे महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा १९९९ चा अधिनियम, ज्याला न्यायालयात सगळे 'एमपीआयडी' म्हणतात. हा कायदा फक्त कंपन्यांना लागतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यातली 'वित्तीय संस्था' म्हणजे ठेवी घेणारी कोणतीही व्यक्ती. गल्लीतला सुतारही त्यात बसतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००५ मध्ये हा कायदा रद्द ठरवला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने पुढे तो वैध मानला आणि २०२२ मध्ये पुन्हा त्यावर शिक्कामोर्तब केलं. आम्ही अर्ज केला, प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलं आणि मार्च २०१८ मध्ये एमपीआयडीचं कलम ३ लागलं.

एक कलम वाढलं म्हणजे काय झालं, हे लोकांना समजावायला मला वेळ लागला. ४२० खाली आरोपीला शिक्षा होते. भरपाई मिळते ती शिक्षा झाल्यावर, आणि तेव्हा आरोपीकडे जे उरलं असेल त्यातून. एमपीआयडीखाली मात्र खटला उभा राहण्याच्या आधीच शासन अधिसूचना काढून मालमत्ता जप्त करू शकतं. अधिसूचना निघाली की ती मालमत्ता सक्षम प्राधिकाऱ्याकडे निहित होते. हा साधारण उपजिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. आरोपी पुढे नादार झाला काय आणि आणखी काही झाला काय, ती वस्तू त्याच्या हातातून गेलेली असते.

गुन्हा ते अधिसूचना यात आमचे पंधरा महिने गेले. अधिसूचना निघाली एप्रिल २०१९ मध्ये. फाइल कुठे कुठे थांबली ते इथे लिहून काही साधणार नाही, पण त्या पंधरा महिन्यांत काय काय गेलं ते लिहायलाच हवं. दुकानातला सागवानाचा साठा, तीन मशिनी, तयार पलंग आणि दिवाण जामिनावर सुटल्यावर त्याने टप्प्याटप्प्याने विकले. पंचनाम्याच्या यादीवरून मी काढलेला अंदाज सहा लाखांच्या घरातला होता. अधिसूचना हातात आली तेव्हा थोडं सामान आणि एक स्कूटर मिळून ९५,००० रुपयांचं उरलं होतं.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, जून २०१९ मध्ये, त्याने जिल्हा न्यायालयात नादारीचा अर्ज केला.

अर्जाची तारीख

नागपुरात व्यक्तीच्या नादारीला आजही १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम लागतो. २०१६ ची दिवाळखोरी संहिता आली, पण तिचा व्यक्तींविषयीचा भाग कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरताच अमलात आला आहे. सामान्य माणसासाठी शंभर वर्षांपूर्वीचाच कायदा. त्यात अर्जासाठी कर्जाची किमान मर्यादा पाचशे रुपये आहे, यावरून त्याचं वय कळावं.

अर्जाची नोटीस वस्तीत पोचली आणि एकच घबराट उडाली. "आता सगळं माफ होते म्हन्ते" असं कुणीतरी पसरवलं होतं. त्या रविवारी कंडक्टर काकाजींच्या अंगणात मी तीस-पस्तीस लोकांसमोर या कायद्याचं कलम ४४ मराठीत वाचून दाखवलं. नादार माणसाला न्यायालयाने मुक्त केलं, तरी फसवणुकीतून किंवा विश्वासघातातून आलेल्या देण्यातून त्याची सुटका होत नाही. शेजाऱ्याचं हातउसनं माफ होऊ शकतं, लाकूड-वखारीची उधारी माफ होऊ शकते. आपले नाही. फौजदारी खटलाही नादारीने थांबत नाही. हे ऐकल्यावर लोक जरा शांत झाले.

मला मात्र दुसरीच गोष्ट खात होती. याच कायद्याचं कलम ५३ असं सांगतं की नादाराने केलेलं हस्तांतरण रद्द करता येतं, पण त्या हस्तांतरणापासून दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झालेला असेल तरच. मग मी उलटी मोजणी केली. जून २०१९ मधून दोन वर्षं मागे गेलं की जून २०१७. त्याच्या आधी त्याने काही विकलं होतं का?

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चला बसलो. बेसा भागातला एक प्लॉट, आरोपीने २०१४ मध्ये घेतलेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये तो साळ्याच्या नावावर झाला होता. दोन वर्षांची मुदत फेब्रुवारी २०१९ मध्ये संपत होती आणि अर्ज आला चार महिन्यांनी. हा योगायोग आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

सूची क्रमांक दोनची, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या त्या व्यवहाराच्या गोषवाऱ्याची, प्रत मी अजून जपून ठेवली आहे. एका रकान्यात मोबदला ९,००,००० रुपये, त्याखालच्या रकान्यात बाजारभाव २१,६०,००० रुपये. मुद्रांक शुल्क बाजारभावावर भरलेलं, म्हणजे किंमत खरी किती हे दोघांनाही ठाऊक होतं. खरेदीखतात ते नेहमीचं वाक्य: 'सदर रक्कम लिहून देणार यांना लिहून घेणार यांच्याकडून यापूर्वीच रोखीने मिळाली असून त्याबाबत काही एक तक्रार नाही.' नऊ लाख, रोखीने, 'यापूर्वीच'. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याने जून २०१५ पासूनच मनाई होती. साळा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, मोबाइलच्या दुकानात कामाला. आयकराचं विवरण एकाही वर्षाचं नाही. आणि २०१८ मध्येही प्लॉटचा मालमत्ता कर आरोपीच्याच मोबाइलवरून ऑनलाइन भरला गेला होता. ही पावती तपास अधिकाऱ्यांना सापडली, त्याचं श्रेय त्यांचं.

नादारी कायद्यात ही वाट बंद झाली होती. एमपीआयडीच्या कलम ८ मध्ये ती उघडी होती. जप्त मालमत्ता ठेवी फेडायला पुरत नसेल आणि संस्थेने एखादी मालमत्ता सद्भावाने व मोबदला घेऊन दिलेली नाही असं मानायला आधार असेल, तर विशेष न्यायालय ती घेणाऱ्याला नोटीस काढून तेवढ्या किमतीची मालमत्ता जप्त करू शकतं. तिथे दोन वर्षांची अट नाही. २०२१ मध्ये अर्ज केला. साळ्याने आधी सांगितलं की पैसे बहिणीने दिले, मग सांगितलं वडिलांनी दिले. उलटतपासणीत "नऊ लाखाच्या नोटा कशात नेल्या?" असं विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि शेवटी म्हणाला, "ते भाऊजीलेच माहीत." २०२२ मध्ये जप्ती कायम झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातलं त्याचं अपील जानेवारी २०२३ मध्ये फेटाळलं गेलं.

आरोपी नादार आहे असं कुणी म्हटलं की मी तेव्हापासून पहिला प्रश्न हाच विचारतो: कोणत्या तारखेपासून? त्या तारखेच्या आधीची दोन-तीन वर्षं उकरली की बहुतेक वेळा काहीतरी निघतं. आज हात रिकामे दिसतात, पण ते रिकामे कधी केले आणि कोणाच्या हातात केले, हे सरकारी कागदांत कुठे ना कुठे लिहिलेलं असतं.

लाल बही

गुलाबी कार्डं गेल्यामुळे अर्ध्याहून जास्त लोकांकडे पुरावाच नव्हता. सुदैवाने दुकानाच्या झडतीत एक लाल बही मिळाली होती. त्यात नावं नव्हती. 'एसटी काका', 'मेडिकल बाई', 'टेकडीवाले', 'जाड चष्मा', 'लहान ताई (भाजी)' अशा नोंदी, पुढे तारखा आणि आकडे.

तीन रविवार आम्ही त्या बहीच्या झेरॉक्स घेऊन बसलो. बँकेच्या पासबुकातून कोणी कोणत्या तारखेला किती काढले, ते बहीतल्या कोणत्या नोंदीशी जुळतं, एवढंच काम. 'जाड चष्मा' कोण हे कळेना. शेवटी एक आजोबा पुढे झाले, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यामुळे आता त्यांना चष्माच नव्हता. त्यांच्या सुनेने जुना फोटो आणला. तो फोटो, दीड लाख काढल्याचं पासबुक आणि बहीतली दुसऱ्या दिवशीची दीड लाखाची नोंद, असा त्यांचा दावा उभा राहिला आणि मंजूरही झाला.

याच बहीतून दुसरी कडू गोष्ट बाहेर आली. मिळालेलं व्याज मुद्दलातून वजा करायचं, असं सक्षम प्राधिकाऱ्यांनी ठरवलं. लोक चिडले. व्याज आमच्या हक्काचं होतं, ते का कापता? मलाही हे पटवून देताना जड गेलं, पण निर्णय योग्यच होता. दुकानात नफा कधी नव्हताच. २०१३ मध्ये आलेल्याला मिळालेलं व्याज म्हणजे २०१६ मध्ये आलेल्याचं मुद्दल होतं. चौघांनी पाच-पाच वर्षं दोन टक्के उचलले होते, म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त. त्यांचं येणं शून्य धरलं गेलं. त्यातले एक जण माझ्याशी आजही बोलत नाहीत.

उरलेल्या एकोणसाठ जणांचं निव्वळ येणं झालं १,०४,५०,००० रुपये. त्यातल्या पाच जणांचे दावे आलेच नाहीत. एका बाईंनी घरखर्चातून वाचवलेले १,२०,००० रुपये नवऱ्याला न सांगता ठेवले होते. दाव्याच्या अर्जावर पत्ता लिहावा लागतो आणि नोटीस घरी येते, म्हणून त्या मागे सरल्या. मी खूप समजावलं. त्या म्हणाल्या, "पैसे गेले ते गेले, घर नको जायला." चोपन्न दावे मंजूर झाले, रक्कम ९६,४०,०००.

मानेवाड्यातला फ्लॅट एका सहकारी बँकेकडे २०११ पासून गहाण होता, देणं चौदा लाख. आधी बँक की आधी ठेवीदार, यावर तेव्हा मतं वेगवेगळी होती आणि वाद वाढवला तर आणखी चार वर्षं जाणार हे दिसत होतं. म्हणून न्यायालयासमोर तडजोड केली. लिलावात २४,५०,००० आले, बँकेने अकरा लाखांवर समाधान मानलं, साडेतेरा लाख ठेवीदारांकडे आले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल स्पॉट एक्स्चेंजच्या प्रकरणात सांगितलं की एमपीआयडीखाली जप्त झालेल्या मालमत्तेवर तारणदार बँकांना सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याच्या आधाराने अग्रहक्क सांगता येत नाही. तो निकाल तेव्हा हातात असता तर मी तडजोडीला इतक्या लवकर तयार झालो नसतो. आज कुणाच्या प्रकरणात बँक आडवी येत असेल, तर आपल्या वकिलांना हा निकाल दाखवा.

पंधरा लाखांचा हुकूम

परत मार्च २०२३ कडे येतो. दोष सिद्ध झाला. एमपीआयडीखाली तीन वर्षं आणि एक लाख दंड. दंडाची कमाल मर्यादाच तेवढी आहे. आता भरपाई. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७ मध्ये दोन वाटा होत्या. दंड ठोठावला असेल तर त्या दंडातून पीडिताला देता येतं. शिक्षेत दंड नसेल तर न्यायालय वेगळी भरपाई ठरवू शकतं, आणि तिला वरची मर्यादा नाही. म्हणून सरकारी वकिलांनी विनंती केली की ४०६ खाली फक्त कैद द्यावी, दंड लावू नये, आणि त्या कलमावर भरपाईचा हुकूम करावा. कायद्यातली ही फट माहीत नसल्यामुळे किती ठिकाणी भरपाई दंडाच्या चिमूटभर रकमेत अडकून पडते, याची मला खंत आहे.

यावर ते नादारीचं प्रतिज्ञापत्र आलं. आणि त्यांचा मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. भरपाई ठरवताना आरोपीची देण्याची ऐपत पाहावी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ पासून सांगितलं आहे. दुसरीकडे २०१३ च्या अंकुश शिवाजी गायकवाड निकालाने प्रत्येक प्रकरणात भरपाईचा विचार करणं न्यायालयावर बंधनकारक केलं आहे. म्हणजे विचार करायलाच हवा, आणि करताना ऐपतही पाहायला हवी.

ऐपत कुठून दाखवायची? इथे आमच्या विणकर भाऊंनी सगळं फिरवलं. त्यांची बहीण उमरेड तालुक्यात, आरोपीच्याच गावात दिली होती. तिने सांगितलं, "त्याच्या बापाचं वावर आहे की अजून." पोलिसांच्या यादीत हे शेत नव्हतं, कारण सातबाऱ्यावर आरोपीचं नावच नव्हतं. वडील २००९ मध्ये वारले, पण वारस नोंद कुणी केलीच नाही. सातबारा अजून मयताच्या नावावर. तीन एकर शेत आणि वारस चार, आई, आरोपी धरून दोन भाऊ, एक बहीण. आरोपीचा हिस्सा तीस गुंठे. फेरफार झाला नाही म्हणून हक्क संपत नाही, तो वडिलांच्या मृत्यूबरोबरच आलेला असतो.

न्यायालयाने तीस गुंठे आणि आरोपीच्या हातातली सुतारकी या दोन्ही गोष्टी नोंदवल्या आणि पंधरा लाखांची भरपाई ठरवली. मुदत सहा महिने, न भरल्यास सहा महिने साधी कैद, आणि रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करून त्याच यादीप्रमाणे वाटायची. निकाल ऐकून बाहेर आल्यावर लोक हिरमुसले होते. कोटीच्या पुढचं येणं आणि पंधरा लाख? मीही त्या दिवशी निराश होतो.

सप्टेंबर २०२३ उजाडला, एक रुपया आला नाही. आरोपीचे वकील मला चहाच्या टपरीवर भेटले आणि सरळ म्हणाले की तो सहा महिने जास्त बसेल, विषय संपेल. हा समज वकिलांमध्येही घट्ट आहे. पण भरपाई न भरल्याबद्दल कैद भोगली म्हणजे भरपाई फिटत नाही. कुमारन विरुद्ध केरळ राज्य या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्वच्छ सांगितलं आहे. त्याच संहितेच्या कलम ४३१ प्रमाणे भरपाई दंडासारखी वसूल व्हायची, आणि कलम ४२१ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे वॉरंट पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. जानेवारी २०२४ मध्ये वॉरंट निघालं. तहसीलमध्ये आधी वारस नोंद करून घ्यावी लागली, मग आरोपीच्या हिश्श्यावर बोजा चढला.

शेताचा लिलाव होणार म्हटल्यावर थोरला भाऊ नागपूरला आला. माझ्यासमोर बसून रडला. लहान भावाने केलं आणि आम्ही का भोगायचं, असं तो म्हणत होता, आणि त्याचं खोटं नव्हतं. त्याने स्वतःच मार्ग काढला. आरोपीचा हिस्सा तो नऊ लाखांना घेतो, चार हप्त्यांत पैसे सक्षम प्राधिकाऱ्याकडे भरतो. न्यायालयाने परवानगी दिली. शेत घरात राहिलं.

मधल्या काळात कुणीतरी विचारलं होतं की सरकार पीडितांना भरपाई देतं ना, त्यातून नाही का मिळत? पीडित नुकसानभरपाई योजना जीव गेला, अपंगत्व आलं, लैंगिक अत्याचार झाला, ॲसिड फेकलं अशांसाठी आहे. बुडालेल्या ठेवीला तिच्यात जागा नाही.

आणि ज्यांची प्रकरणं १ जुलै २०२४ नंतरची आहेत त्यांच्यासाठी एक माहिती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ खाली गुन्ह्यातून आलेली मालमत्ता तपास चालू असतानाच जप्त करण्यासाठी पोलिस न्यायालयाकडे अर्ज करू शकतात. नोटीस दिल्याने जप्तीचा हेतूच बुडणार असेल तर न्यायालय एकतर्फी अंतरिम हुकूम करू शकतं. पुढे त्या मालमत्तेचा पैसा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत साठ दिवसांत पीडितांना वाटायचा आहे. तक्रार लिहितानाच आरोपीचे फ्लॅट, प्लॉट, गाड्या, गावाकडचं शेत, नातेवाइकांची नावं यांची यादी जोडा आणि कलम १०७ खाली कारवाईची लेखी मागणी करा. आमचे पंधरा महिने गेले, तुमचे जाऊ देऊ नका.

प्लॉटच्या लिलावात ३१,००,००० आले. विमा पॉलिसींचे १,८५,०००, स्कूटर आणि सामानाचे ९५,०००, बँक खात्यात ११,३००. फ्लॅटचे साडेतेरा लाख धरून ४७,४१,३००. मूल्यांकन, जाहिराती असा खर्च वजा जाता वाटपाला ४६,२७,२०० रुपये राहिले. रुपयामागे ४८ पैसे. ऑगस्ट २०२४ मध्ये ते लोकांच्या खात्यात गेले. कंडक्टर काकाजींनी पाच लाख ठेवले होते, चौदा महिन्यांचं व्याज वजा जाऊन येणं ३,६०,०००, हातात आले १,७२,८००. मावशींचं येणं १,६४,०००, हातात आले ७८,७२०. त्यांनी त्यातून आधी मुलीच्या बाळंतपणाचं कर्ज फेडलं.

उमरेडच्या शेताचा पहिला हप्ता, २,२५,००० रुपये, नोव्हेंबर २०२५ मध्ये जमा झाला आणि चोपन्न जणांत वाटला गेला. मावशी पासबुक घेऊन माझ्याकडे आल्या. नोंद भरून घेतली होती, पण अक्षर बारीक म्हणून मला वाचायला सांगितली. ३,८२८ रुपये. त्यांनी आकडा दोनदा म्हणवून घेतला, पासबुक पिशवीत घातलं आणि विचारलं, "अजून तीन हप्ते आहेत ना जी?"

"तीन आहेत, मावशी. पुढचा मार्चमध्ये."